सभा दुसऱ्या मजल्यावर होती

माझी उजव्या पायातली चप्पल कुठे पडली, हे मला आजतागायत माहीत नाही. शाळा सुटल्यावर मी भाजी घेतली, पोस्टात पत्र टाकले, चाळीचे तीन मजले चढले आणि दारात आल्यावर धाकट्या लीलाने विचारले, "आई, तुझी एक चप्पल कुठाय?" मी खाली पाहिले. पाऊल धुळीने माखले होते, अंगठ्याला ठेच लागून रक्त आले होते. मला काहीच कळले नव्हते.

पाठ त्याआधी सहा महिने दुखत होती. माझ्या कामांच्या यादीत ती शेवटच्या ओळीत असे: 'पाठ – डॉक्टर'. दर रविवारी नवी यादी करताना ती ओळ जशीच्या तशी पुढच्या पानावर जाई. गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत मी गणित शिकवते आणि अकरा वर्षे सबंध शाळेचे वेळापत्रक मीच करत आले आहे. सगळ्यांचे तास बसवताना स्वतःच्या पाठीसाठी तास उरला नाही, असे मी तेव्हा थोड्या अभिमानानेच सांगत असे.

हे मी लिहिते आहे ते एकाएकी पाय गेलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. औषधांची माहिती यात नाही, ती डॉक्टरांना विचारावी. डॉक्टर जे सांगत नाहीत, त्यातले मला जे कळले तेवढे इथे आहे.

टाचणी

परळच्या हॉस्पिटलात आमचे हे बरोबर आले होते. हे एका गिरणीच्या कचेरीत कारकून आहेत. तपासणारे डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "बाई, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ काही होईना, तेव्हा म्हटले, "टोचा ना."

"चार वेळा टोचलं," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी क्ष-किरणांची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवले. पाठीच्या मणक्याचा क्षय. आतून मणका खाल्ला गेला होता आणि त्याचा दाब पायांकडे जाणाऱ्या शिरांवर येत होता.

यांनी विचारले, "रजा किती दिवसांची घ्यावी लागेल?"

"दिवसांची नाही. वर्ष धरून चला."

"आणि पाय?"

"काहींचे येतात परत. थोडेफार."

मी कागद मागितला. त्याच बाकावर बसून यादी केली. स्वयंपाक कुसुमकडे, कुसुम म्हणजे आमची थोरली, त्या वर्षी मॅट्रिकला बसणारी. पाणी भरणे लीलाकडे. वेळापत्रकाची फाइल कपाटात दुसऱ्या कप्प्यात, किल्ली डब्यात. चाचणीचे पेपर कोणाकडे द्यायचे, दूधवाल्याला काय सांगायचे. चौदा बाबी झाल्या. यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

"यात तुझं काहीच नाही," हे म्हणाले.

मला तोवर रडू आले नव्हते. तेव्हा आले.

प्लास्टरमधले दिवस

दहा महिने मी प्लास्टरच्या साच्यात उताणी होते. माणसाच्या पाठीच्या आकाराचे अर्धे कवच असते, त्यात आपल्याला ठेवतात. उठायचे नाही, कूस बदलायची नाही. पहाटे थर्मामीटर, मग सुई, मग चहा, मग बेडपॅन. बेडपॅन चहाच्या आधी मिळावे म्हणून मी तीन आठवडे प्रयत्न केला, यश आले नाही. दिसत असे ते छत आणि खिडकीचा वरचा भाग. बाकी सगळे कानाने ओळखायचे.

शेजारच्या खाटेवर लालबागच्या सुंदराबाई होत्या, त्यांच्या खुब्याला हेच दुखणे. त्यांचे मालवणी ऐकायला मला फार आवडे; नवऱ्याला त्या 'घोव' म्हणत.

"बाई, तुमची यादी झाली काय? माझ्या घोवाक पण एक लिवन द्या. भाजीत मीठ घालूचा, ह्या पयला लिवा."

ते कर्फ्यूचे दिवस होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून रस्त्यावर माणसे उतरली होती. खिडकीतून घोषणा येत, मग एकदम पळापळ, मग ते गोळ्यांचे आवाज. एका संध्याकाळी वॉर्डात जखमींच्या खाटा आमच्या खाटांना खेटून लावल्या. त्यानंतर तीन दिवस हे आले नाहीत. रस्ते बंद होते म्हणून आले नाहीत की आणखी काही झाले, हे सांगायला कोणी नव्हते. हे शिवाजी पार्कच्या सभांना जात, मोर्चात जात. मी उताणी पडून प्रत्येक येणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकत होते.

सुंदराबाई म्हणाल्या, "हंय आग लागली तर आपल्याक कोण उचलतलो?"

"नर्स उचलतील."

"तुमका पयला नेतले. तुमी मास्तरीण. माका खाटेसकट ठेवतले."

चौथ्या दिवशी हे आले. दाढी वाढलेली, सदरा मळलेला, पण धड. मी विचारले, "लीलाची गणिताची चाचणी झाली का?" मला दुसरे काहीच विचारता आले नाही.

सुंदराबाईंना माझ्याआधी घरी सोडले. जाताना त्या हसत म्हणाल्या, "चवथ्या माळ्यार चडवल्यानी की मी थंयच. खाली येतलंय ती चौघांच्या खांद्यावरसून." वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मला तो विनोद वाटला होता.

तिसरा मजला

मला घरी आणले तेव्हा चाळीतल्या चौघांनी खुर्चीत बसवून वर नेले. सत्तावन्न पायऱ्या. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी होई आणि कोणीतरी म्हणे, "वैनी, घाबरू नका हां." बायका दारात उभ्या होत्या. मी कठड्याकडे बघत राहिले.

त्यानंतर आठ महिने मी रस्ता पाहिला तो फक्त वरून.

पाय थोडे परत आले होते. पट्टे बांधून, दोन कुबड्यांवर, सपाट जमिनीवर मी चालू शकत होते. पण पाऊल वर उचलले जात नाही, आणि पडले तर मणक्याचे पुन्हा पहिल्यापासून, असे डॉक्टरांनी बजावले होते. चाळीचा संडास गॅलरीच्या टोकाला, उंबरा गुडघाभर, आत उकिडवे बसायचे. मला ते अशक्य होते. यांनी सुताराकडून मध्ये भोक पाडलेली खुर्ची करून आणली. भांडे कुसुम उचलून नेई. सबंध गॅलरी ओलांडून, पदराखाली झाकून. सोळा वर्षांची मुलगी.

ती मॅट्रिक झाली, चांगले गुण मिळाले. कॉलेजचे नाव कोणी काढले नाही. एके दिवशी पाहिले तर तिने पुस्तके सुतळीने बांधून माळ्यावर टाकली होती. मी म्हटले, "ती खाली काढ." ती म्हणाली, "तुला उठवू की भात उतरवू, एक सांग."

त्या महिन्यांत मला जगणे नको झाले होते. हे इथे लिहू नये असे यांचे म्हणणे, पण ज्यांना तसे वाटते त्यांना आपण एकटेच आहोत असेही वाटते, म्हणून लिहिते. त्यातून मला बाहेर कोणी ओढून काढले नाही. लीला दुपारी गृहपाठ घेऊन येई, भागाकारात दरवेळी शून्य लिहायला विसरे, आणि मी संतापे. त्या संतापाच्या बळावर बरेचसे दिवस निघून गेले.

शेवटी यांनी तळमजल्यावरच्या मोघ्यांशी खोल्यांची अदलाबदल ठरवली. मोघे वहिनींना उजेड हवा होता, मला जमीन. आमच्या नव्या खोलीत ओल आहे, मोरीचा वास आहे, उंदीर आहेत. पण दारापुढे एकच बुटकी पायरी आहे, चौकट धरून मला ती जमते. पहिल्या सकाळी मी कुबड्यांवर एकटी रस्त्यापर्यंत गेले आणि ट्राम जाताना पाहिली. मोघे वहिनी वरून बघत होत्या. त्यांनी हाक मारली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

वही

मग मी वही केली. जिथे जिथे मला काम पडेल त्या जागेच्या पायऱ्या, कठडा आहे की नाही, आणि दार किती रुंद.

पोस्टाला तीन पायऱ्या, कठडा नाही. पोस्टमास्तर भले गृहस्थ, तिकिटे बाहेर आणून देतात, पण ती द्यायला त्यांना कोणीतरी आत जाऊन सांगावे लागते. रेशनच्या दुकानाला एकच पायरी, पण ती एवढी उंच की धडधाकट बायकासुद्धा हात देऊन चढतात. वाचनालय पहिल्या मजल्यावर. दवाखाना, तोही पहिल्या मजल्यावर, आणि डॉक्टरांची पाटी खाली. देवळाला अकरा, तिथे मी बाहेरून नमस्कार करते. ट्रामची पायरी मला जमत नाही, कंडक्टर घंटी मारण्याआधी थांबत नाही, दोन्हींत त्याचा दोष नाही. पदपथाची कड काही ठिकाणी वीतभर, काही ठिकाणी हातभर. सार्वजनिक मुतारीबद्दल लिहायचे तर मी घरून निघण्याआधी चार तास पाणी पीत नाही.

वही भरत गेली तशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यातली एकही पायरी मला अडवायला कोणी बांधली नव्हती. मी येईन, हे कोणाच्या मनातच आले नव्हते.

अर्ज

माझी रजा जूनमध्ये शाळा उघडण्याबरोबर संपत होती. माझ्या जागी हंगामी शिक्षिका होत्या. मी हजर झाले नाही तर जागा त्यांची. आणि मी घरीच राहिले तर यांनी कुसुमसाठी गिरणीच्या कचेरीत शब्द टाकून ठेवला होता, टंकलेखनाचे काम. मी शाळेत गेले तर कुसुम कॉलेजात जाणार, नाहीतर कचेरीत. घरात हे स्पष्ट बोलून झाले होते.

शाळेचे सगळे वर्ग पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे मुली आपल्या वर्गात बसतात आणि तास बदलला की शिक्षिका फिरते, ही शाळा सुरू झाल्यापासूनची पद्धत. मला ती उलटी करायची होती. तळमजल्यावर कवायतीच्या सामानाची खोली आहे, लेझमा आणि डंबेल्स ठेवायची. मी तिथे बसायचे आणि गणिताच्या तासाला वर्ग खाली यायचा. जिन्यात गोंधळ होईल, वेळ जाईल, हा आक्षेप येणार हे मला ठाऊक होते. म्हणून सहा वर्गांचे गणिताचे तास मी अशा वेळी बसवले की मुली एरवीही खाली असतात किंवा उतरणारच असतात: सकाळच्या प्रार्थनेनंतर, छोट्या सुट्टीनंतर, मोठ्या सुट्टीनंतर, कवायतीच्या आधी, शाळा सुटताना. पाच वर्ग बसले. सहावा, आठवी 'ब', तेवढा आठवड्यातून चारदा मुद्दाम खाली यावा लागणार होता. त्याला इलाज सापडला नाही, तसे मी अर्जात लिहिले. संसर्गाचे भय नाही असे डॉक्टरांचे पत्र जोडले.

आठ दिवसांनी शाळेचे चिटणीस करंदीकर यांचे उत्तर आले. आपल्या प्रकृतीची प्रत्यक्ष खात्री करून घेण्यासाठी कार्यकारी मंडळापुढे उपस्थित राहावे. स्थळ: सभेची खोली, दुसरा मजला.

हे म्हणाले, "चार जणांना सांगतो. खुर्चीतून नेऊ."

"मग म्हणतील, रोज न्या."

"मग काय करणार?"

दुपारी चाळ निजलेली असताना मी आमच्याच जिन्यावर प्रयोग केला. पायरीवर बसायचे, पाठ वरच्या बाजूला, हातांवर भार देऊन मागच्या पायरीवर बूड टेकायचे, मग पाय हातांनी उचलून घ्यायचे. लुगडे गुडघ्यांपर्यंत येते. कुसुम मागे होती. अकरा पायऱ्या चढले. मोघे वहिनी वरून उतरत होत्या, त्यांनी मला पाहिले आणि काही विसरल्यासारख्या मागे फिरल्या.

म्हणजे मला जमत होते. दम खात, थांबत, तासाभरात मी शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले असते. आणि तिथेच खरी अडचण होती. गेले असते तर मंडळ म्हणाले असते, बाई चढू शकतात, मग खालची खोली कशाला? गेले नसते तर म्हणाले असते, बाई चढू शकत नाहीत, मग नोकरी कशी द्यायची?

मी यांना सांगितले, "मी खालीच बसणार. त्यांना खाली यावं लागेल."

यांनी करंदीकरांचे पत्र घडी करून पाकिटात घातले. मग म्हणाले, "आम्ही सबंध मुंबई मागतोय, तू एक खोली मागतेस. तुझं आधी व्हायला हवं."

"बघू कोणाचं आधी होतं."

सभा

शाळेच्या दाराच्या दोनच पायऱ्या, त्या कठडा धरून, हातांच्या बळावर अंग वर ओढत मी चढले. कवायतीच्या खोलीपुढे कुसुमने स्टूल ठेवले. शाळेचा शिपाई गणपत मला पाहून ओशाळला, अकरा वर्षे तो मला जिन्यावरून धावताना पाहत आला होता.

"गणपत, वर सांगा, मानकरबाई आल्यात. खाली आहेत."

तो गेला, परत आला. "वर बोलावलंय, बाई."

"सांगा, मी हजर आहे. खालच्या खोलीत."

तो पुन्हा गेला. या वेळी वेळ लागला. परत आला तो धापा टाकत. "दामलेबाई म्हणतात, प्रयत्न करून बघा. मंडळी थांबतील."

दामलेबाई आमच्या मुख्याध्यापिका. वाईट नाहीत. मी म्हटले, "त्यांना सांगा, प्रयत्न करून बघितलाय. म्हणूनच खाली बसलेय."

"तसंच सांगू?"

"तसंच."

"बाई, माझे पण पाय दुखायला लागले," गणपत म्हणाला आणि तिसऱ्यांदा चढला.

पाऊण तास गेला. कुसुम कुबड्या धरून भिंतीशी उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. वरची मंडळी निघून जातील, सभा संपली असा निरोप येईल, आणि मी माझ्या ताठपणापायी या मुलीचे कॉलेज घालवले असे होईल. उठावे आणि बसून बसून चढायला लागावे, असे मला दोनदा वाटले. एकदा मी कुसुमला म्हटलेही, "चल." तेवढ्यात जिन्यावर बऱ्याच बुटांचा आवाज आला.

अध्यक्षसाहेब पुढे होते, म्हातारे सॉलिसिटर. मागे चौघे सभासद, दामलेबाई, आणि फाइल घेऊन करंदीकर. बसायला काही नव्हते म्हणून सगळे उभे राहिले.

"हं," अध्यक्ष म्हणाले. "आणलंत आम्हांला खाली."

मी वेळापत्रक पुढे केले. त्यांनी ते वाचले, खरोखर वाचले. आठवी 'ब'पाशी बोट थांबले. "हे एक जमलं नाही."

"नाही."

"बाकी ठीक दिसतंय. पण उद्या प्रत्येक जण खालची खोली मागेल, त्याचं काय?"

करंदीकरांनी फाइल उघडली. "साहेब, याबाबतीत पूर्वीचा निर्णय आहे. सहा वर्षांपूर्वीचा. सहावीतली इंदू गावडे, एका पायाला लोखंडी पट्टी. आईने अर्ज केला होता, वर्ग तळमजल्यावर घ्यावा. त्यावर शेरा आहे." आणि त्यांनी तो वाचला. "एका विद्यार्थिनीसाठी संपूर्ण वर्ग खाली आणल्यास वेळापत्रक कोलमडेल. विनंती मान्य करता येत नाही." जरा थांबून म्हणाले, "सही मानकरबाईंची आहे."

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. अक्षर माझे. खाली मारलेली दुहेरी रेघसुद्धा माझी. मला त्या मुलीचा चेहरा आठवेना. आईचा आठवेना. ती बाई मला भेटायला आली असेल, तीही आठवेना. आठवत होते ते एवढेच, की त्या वर्षीचे वेळापत्रक फार नेटके झाले होते.

"मग ती मुलगी?" मी विचारले.

"नाव काढून नेलं."

"कुठे?"

"ते कागदात नाही."

मी म्हटले, "हा शेरा चुकीचा आहे. वेळापत्रक कोलमडलं नसतं. मला एखादा रविवार जास्त बसावं लागलं असतं. मी तो मागे घेते."

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तेव्हा बरोबर होता आणि आता तुमच्यावर आल्यावर चुकीचा झाला."

"तेव्हाही चुकीचाच होता. माझ्यावर आल्यावर मला दिसला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग इतरांना बाजूला घेऊन पिण्याच्या पाण्याच्या नळांपाशी उभे राहून बोलले. काय बोलले ते ऐकू आले नाही. करंदीकरांनी फाइलीवर कागद ठेवून तिथेच ठराव लिहिला आणि मला वाचायला दिला.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत खालची खोली मंजूर. पुढे लिहिले होते: ही सवलत श्रीमती मानकर यांच्यापुरती वैयक्तिक असून ती अन्य कोणाही शिक्षिकेच्या अथवा विद्यार्थिनीच्या बाबतीत पायंडा समजू नये. वरील मान्य, आणि सहीसाठी जागा.

मी तो दोनदा वाचला. त्या ओळीचा अर्थ मला मंडळातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होता. पुन्हा एखादी आई अर्ज घेऊन आली की करंदीकर हाच कागद काढणार, आणि त्यावरही सही माझीच असणार.

कुसुमने हातातल्या कुबड्या दुसऱ्या बाजूला घेतल्या. मी सही केली.

दिवाळीच्या आधी

कवायतीच्या खोलीत गंजाचा वास येतो. पहिले काही दिवस मुली लेझमांना हात लावून छुमछुम आवाज करत, मी त्या वरच्या खुंटीवर टांगायला लावल्या. आठवी 'ब'च्या मुली जिना उतरताना मुद्दाम पाय आपटतात, तेही आता सवयीचे झाले आहे. कुसुम कॉलेजात जाते. खोलीत संडास नाही, तो मागच्या अंगणात तीन पायऱ्या उतरून आहे, म्हणून मी दिवसभर पाणी पीत नाही. हे अर्जात लिहायचे राहून गेले. स्वतःच्या अर्जातही माणूस आपल्या गरजा पूर्ण लिहीत नाही, हे ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी ध्यानात ठेवावे.

मुदत संपायला थोडेच आठवडे उरले तेव्हा मी दोन अर्ज तयार केले. पहिला चार ओळींचा होता: मला दिलेली सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवावी. तो मंजूर होईल, असे दामलेबाईंनी मला खासगीत सांगितले होते. दुसरा अर्ज लांब होता. तळमजल्यावर एक वर्ग कायमचा ठेवावा, ज्या मुलीला अथवा शिक्षिकेला जिना जमत नाही तिला तो विनाअर्ज मिळावा, मागच्या अंगणात उतरायला कठडा बसवावा, आणि पायंड्याच्या अटीला मी जूनमध्ये दिलेली मान्यता रद्द समजावी.

दुसरा दिला तर पहिले हातचे जाण्याची शक्यता होती. दोन्ही कागद मी रात्रीच्या जेवणानंतर यांच्यापुढे ठेवले. यांनी वाचले आणि कुसुमकडे दिले. तिने दोन्ही वाचले, दुसरा पुन्हा वाचला.

"काय करू?" मी विचारले.

"मला विचारू नकोस, आई," ती म्हणाली. "मला विचारलंस तर मी पहिला म्हणीन."

सोमवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर मी दुसरा अर्ज गणपतच्या हाती दिला. मंडळाची सभा कधी आहे ते अजून कळलेले नाही, त्यामुळे शेवट काय झाला हे मला सांगता येत नाही. गणपत कागद घेऊन जिना चढला. सातवीच्या मुली येऊन बसल्या होत्या. मी हजेरी घेतली.